धरण पाडलं की सॅल्मन परत येतात का?

प्रश्न असा आला आहे: "अमेरिकेत ओरेगन आणि कॅलिफोर्नियातून वाहणाऱ्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडल्यावर काही दिवसांतच सॅल्मन वर पोचले, असं वाचलं. म्हणजे धरण काढलं की काम झालं का? आणि मासेच हवे असतील तर एवढ्या खर्चापेक्षा हॅचरीत पिल्लं वाढवून नदीत सोडणं स्वस्त नाही का?" विचारणारे पुण्यात जलसंपदा अभियांत्रिकी शिकतात. यातलं आपल्याकडे काही लागू पडतं का, हेही त्यांनी जाता जाता विचारलंय.

आधी थोडक्यात सांगतो. मासे परत येतात, आणि आम्हाला वाटलं होतं त्याहून लवकर येतात. पण खरं काम तिथून पुढे सुरू होतं. हॅचरी सुरुवातीला स्वस्त वाटते आणि काही पिढ्यांनंतर महाग पडते. मी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, प्युजेट साउंड या समुद्राच्या फाट्याला मिळणाऱ्या नद्यांवर अधिवास पुनर्स्थापनेची कामं आखतो. रस्त्याखालच्या मोऱ्या बदलणं, पात्रात ओंडके परत घालणं, पूरबांध मागे सरकवणं अशी ही कामं असतात. त्यामुळे माझा कल नदीच्या बाजूला झुकलेला असणार, हे धरूनच पुढचं वाचा.

कोकणातल्या माणसाला सॅल्मन समजावणं सोपं जातं. पहिल्या पावसात वहाळांना पाणी सुटलं की चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध वर जातात, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं असतं. सॅल्मनचा प्रवास तसाच, फक्त फार लांबचा. तो गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन काही वर्षं वाढतो आणि वासाचा माग काढत बहुतेक वेळा जन्मल्या ओढ्यालाच परत येतो. पॅसिफिकच्या अमेरिकी किनाऱ्यावर त्याच्या पाच जाती आहेत: चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम. पाचही जाती एकदाच अंडी घालतात आणि मरतात. त्यांचा भाऊबंद स्टीलहेड ट्राउट मात्र कधीकधी जगून पुन्हा समुद्रात जातो.

आमच्या धंद्यातली बरीचशी भांडणं शेवटी ज्या जागेशी येऊन थांबतात ती जागा म्हणजे मादीचं घरटं. ते नीट पाहून ठेवा. मादी बहुधा डोहाचा शेवट निवडते, जिथे पाणी उथळ होऊन खळाळाकडे धावायला लागतं. तिथे पाणी गोट्यांवरून वाहतं तसं गोट्यांच्या आतूनही झिरपतं. ती कुशीवर आडवी होते आणि शेपटीचे फटके मारते. गोटे शेपटीने ढकलले जात नाहीत. फटक्यामुळे पाण्यात जी ओढ तयार होते तिने ते वर उचलले जातात आणि धारेबरोबर हातभर खाली जाऊन पडतात. बारीक वाळू आणि गाळ त्याच्याही पुढे वाहून जातो. म्हणजे खड्डा खणता खणता ती खडी धुऊनही घेते. अंडी टाकून झाली की ती थोडी वर सरकून पुन्हा खणते, आणि तिथून सुटलेले गोटे आधीच्या अंड्यांवर पांघरूण घालतात. चिनूक मादी अशी चार-पाच हजार अंडी घालते. पुढचे काही महिने ती वीत-दीड वीत खोल, अंधारात, खडीतून फिरणाऱ्या थंड पाण्यातल्या ऑक्सिजनवर जगतात.

त्या खडीत ०.८५ मिलिमीटरपेक्षा बारीक कण १२ टक्क्यांच्या पुढे गेले की आम्ही काळजी करायला लागतो. वरच्या डोंगरात लाकूडतोडीसाठी कच्चा रस्ता काढला, त्याची माती पावसाने ओढ्यात आली, की अंडी गुदमरतात. पाणी १३ अंशांपेक्षा गरम झालं तरी अंड्यांना त्रास होतो. पूर जोरात येऊन तळच खरवडला गेला तर घरटंच वाहून जातं. आणि पूर अजिबात आले नाहीत तर खडी धुतलीच जात नाही आणि घट्ट बसते. चार-पाच हजार अंड्यांतून दोन मासे मोठे होऊन परत आले की संख्या टिकते, तीन आले की वाढते. त्यामुळे कुठलाही प्रकल्प हातात घेताना पहिला प्रश्न हा, की या नदीत मासा नेमका कुठल्या वयात मरतोय. खडीत, डोहात, खाडीत की मोरीच्या तोंडाशी? हे न विचारता केलेल्या कामांवर पुष्कळ पैसा गेला आहे.

आता धरणांकडे. क्लॅमथची बातमी ताजी आहे, पण शिकायला एल्व्हा नदी जास्त चांगली, कारण तिथे बघायला दहा वर्षांहून अधिक काळ मिळाला आहे. एल्व्हा ही वॉशिंग्टनमधल्या ऑलिम्पिक द्वीपकल्पावरची जेमतेम ७२ किलोमीटरची नदी. खोऱ्याचा बहुतेक भाग राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे वरचं जंगल शाबूत. पण मुखापासून ८ किलोमीटरवर १९१३ मध्ये ३३ मीटर उंचीचं एल्व्हा धरण पूर्ण झालं आणि वरच्या अंगाला १९२७ मध्ये ६४ मीटरचं ग्लाइन्स कॅन्यन. दोन्ही विजेसाठी. कुठल्याच धरणाला माशांची शिडी नव्हती. गंमत म्हणजे धरणावर माशांना वाट ठेवली पाहिजे असा राज्याचा कायदा १८९० पासून होता. त्यातून पळवाट निघाली ती हॅचरीची. शिडी नको, त्याऐवजी हॅचरी बांधा, अशी तडजोड झाली. ती हॅचरी १९२२ मध्ये बंद पडली, धरणं मात्र जवळजवळ शंभर वर्षं उभी राहिली. हॅचरीच्या प्रश्नाकडे मी जरा संशयाने का बघतो त्याचं एक कारण हे.

इथल्या मूळ रहिवाशांच्या, लोअर एल्व्हा क्लॅलम जमातीने हा विषय कधी सोडला नाही. १९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने एल्व्हाच्या पुनर्स्थापनेचा कायदा केला, आणि पाडकामाला प्रत्यक्ष सुरुवात व्हायला सप्टेंबर २०११ उजाडला. खालचं धरण २०१२ च्या वसंतापर्यंत गेलं, वरच्याचा शेवटचा तुकडा ऑगस्ट २०१४ मध्ये सुरुंगाने उडवला. पूर्ण प्रकल्पाचा खर्च सुमारे ३२.५ कोटी डॉलर. यातला मोठा वाटा पाडकामावर गेला नाही. तो गेला गढूळ होणाऱ्या नदीपासून पोर्ट एंजेलिस शहराचं आणि कारखान्यांचं पाणी वाचवण्यावर.

तुम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी, म्हणून गाळाबद्दल जरा थांबून सांगतो. दोन्ही जलाशयांत मिळून सुमारे २.१ कोटी घनमीटर गाळ साठला होता. तो उपसून ट्रकने नेणं शक्यच नव्हतं. म्हणून भिंत वरून थराथराने कापत आणायची, पाणी थोडं उतरवायचं, मग थांबायचं आणि नदीलाच गाळ कापू द्यायचा, अशी पद्धत ठरली. मासे वर चढायच्या आणि अंडी घालायच्या हंगामात काम बंद. तरी अंदाज चुकायचे तिथे चुकलेच. २०१२ च्या शरदात नव्या पाणीउपशाच्या जाळ्यांत पालापाचोळा आणि गाळ अडकला, आणि ग्लाइन्स कॅन्यनचं काम साधारण वर्षभर थांबवावं लागलं. त्या काळात खालची नदी पातळ सिमेंटसारखी वाहत होती. कल्ल्यांत गाळ बसून मासे मरतील ही भीती खरी होती. म्हणूनच कोहोंना पकडून इंडियन क्रीक आणि लिटल रिव्हर या स्वच्छ उपनद्यांत नेऊन सोडलं. ती मात्रा लागू पडली. त्यांनी तिथेच अंडी घातली आणि त्यांची पुढची पिढी स्वतःहून तिथे यायला लागली.

तो गाळ समुद्रापर्यंत पोचला तेव्हा मुखाशी नवी वाळू आणि पुळण तयार झाली. शंभर वर्षं उपाशी राहिल्यामुळे तिथला किनारा मोठमोठे धोंडे उघडे पडून झिजत चालला होता. धरणाने मासे अडवले हे सगळ्यांना दिसतं. धरणाने खडीही अडवली होती, आणि खडी नसेल तर वर सांगितलेलं घरटं कशात खणायचं? माझ्या मते धरण काढण्याचा अर्धा फायदा या गाळाच्या वाहतुकीत आहे, पण बातम्यांत गाळ खलनायक म्हणून येतो.

मासे किती परत आले, याचं उत्तर जातीगणिक वेगळं आहे. सगळ्यात मोठा धक्का दिला तो स्टीलहेडच्या उन्हाळी फळीने, म्हणजे उन्हाळ्यात एकत्र नदी चढणाऱ्या माशांनी. ती जवळपास संपल्यात जमा होती. पण धरणांच्या वर अडकून पडलेले तिचे वंशज रेनबो ट्राउट म्हणून शंभर वर्षं तिथेच जगत होते. वाट मोकळी झाल्यावर त्यांच्यातले काही पुन्हा समुद्राकडे निघाले, आणि आज ही फळी हॅचरीच्या मदतीशिवाय उभी आहे. बुल ट्राउटही समुद्रापर्यंत ये-जा करायला लागले, ईलसारखे दिसणारे लँप्रे आले. चिनूकची संख्या वाढली, पण सुरुवातीच्या वर्षांत परतणाऱ्यांत बहुतांश हॅचरीतले होते, त्यामुळे तिथे मी अजून पेढे वाटणार नाही. पिंक सॅल्मनचं तर अजून जमलेलंच नाही. कोहो मात्र इतपत सावरले की २०११ पासून बंद असलेली मासेमारी ऑक्टोबर २०२३ मध्ये जमातीने पहिल्यांदा उघडली, तीही फक्त विधींसाठी आणि घरच्या खाण्यापुरती. धरणांच्या आधी या नदीत दरवर्षी सुमारे ४ लाख मासे चढत असावेत असा अंदाज आहे. तो पल्ला अजून लांब आहे.

आता हॅचरी. हॅचरीला सरसकट नावं ठेवणारे लोक इथे बरेच भेटतात, मी त्यांच्यातला नाही. १८५४-५५ च्या करारांत इथल्या जमातींनी जमिनी दिल्या आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी त्याचा अर्थ लावला, की पकडण्याजोग्या माशांपैकी निम्मे त्यांचे. आता नदीत मासाच नसेल तर निम्मा कशाचा? अनेक नद्यांवर आज जाळ्यात येतो तो हॅचरीचाच मासा, आणि हॅचरी उद्या बंद करा म्हणणं म्हणजे कराराचा कागद फाडणं. एल्व्हावरही गाळाच्या वर्षांत हॅचरीने विम्याचं काम केलं.

अडचण येते ती हॅचरीला उपाय मानल्यावर. सिमेंटच्या टाकीत जगणाऱ्या पिल्लाला खाणं वरून पडतं, सावली दिसली की ते वर येतं. नदीत सावली दिसली की खाली जावं लागतं, नाहीतर बगळा उचलतो. टाकीत जे गुण टिकतात ते नदीत मारक ठरतात, आणि निवड फार वेगाने होते. ओरेगनच्या हूड नदीतल्या स्टीलहेडचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की बंदिस्त वाढवलेल्या प्रत्येक पिढीगणिक नदीतली प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. असे मासे रानटी माशांत मिसळले की घट पुढे सरकते. कोलंबिया नदीच्या खोऱ्यात एके काळी वर्षाला १ ते १.६ कोटी सॅल्मन आणि स्टीलहेड परतत असावेत. तिथे गेल्या चार दशकांत महागाई धरून ९ अब्ज डॉलरपेक्षा जास्त सरकारी पैसा खर्च झाला. २०२३ मधल्या एका विश्लेषणाने म्हटलं की त्याच नदीवरच्या बॉनव्हिल धरणाशी मोजलेल्या आकड्यांत हॅचरीचे मासे वाढलेले दिसतात, रानटी मासे वाढल्याचा पुरावा मिळत नाही.

याचं भारतातलं उदाहरण तर महाराष्ट्रातूनच सुरू होतं. लोणावळ्याच्या हॅचरीत १९७० च्या दशकापासून निळ्या पराचे महसीर वाढवले जातात. महसीर वाचवायचा हा हेतू उत्तमच. त्यांची बोटुकली कावेरीतही सोडली गेली. तिथला मूळ रहिवासी होता पाठीवर कुबड असलेला, नारिंगी परांचा महसीर. सोडलेल्या जातीची संख्या वाढत गेली तसा हा मागे पडत गेला, आणि २०१८ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून केली. बादलीतून बोटुकली सोडताना फोटो छान येतो. कुठल्या नदीचं बीज कुठल्या नदीत चाललंय, हे त्या फोटोत दिसत नाही.

म्हणून माझा स्वतःचा नियम असा: हॅचरी वापरायची तर ती त्याच नदीच्या माशांची, आणि ती कुठल्या टप्प्यावर बंद करायची हे सुरू करतानाच लिहून ठेवायचं. बंद करण्याची अट नसलेली हॅचरी कधीच बंद होत नाही.

मोठी धरणं बातम्यांत येतात, पण माझ्या टेबलावर येतात त्या मोऱ्या. रस्ता ओढा ओलांडतो तिथे पन्नास-साठ वर्षांपूर्वी पन्हाळी पत्र्याचा गोल पाइप टाकून वर भराव केलेला असतो. पाइप ओढ्याच्या रुंदीपेक्षा अरुंद, त्यामुळे पुराचं पाणी त्यातून पिचकारीसारखं सुटतं आणि खालच्या तोंडाशी तळ खरवडतं. काही वर्षांत पाइप हवेत लोंबायला लागतो. शरदात तिथे उभं राहिलं तर कोहो उडी मारतो, पाइपच्या कडेवर आपटतो, खाली पडतो आणि पुन्हा उडी मारतो, हे तासभर बघायला मिळतं. एखादा आत शिरलाच तर आतल्या गुळगुळीत, वेगवान पाण्यात थांबायला जागा नसते आणि तो परत बाहेर फेकला जातो. बोटभर लांबीच्या पिल्लांची तर बातच नको.

नवी मोरी आखताना आम्ही आता पुराच्या पाण्याचं गणित पहिलं करत नाही. आधी ओढ्याची काठोकाठ भरल्यावरची रुंदी मोजायची. मग मोरीच्या आतल्या तळाची रुंदी त्याच्या १.२ पट अधिक २ फूट धरायची, आणि आत खरी खडी, खरा उतार, खरे धोंडे भरायचे. माशाला आपण मोरीत आलो हे कळताच कामा नये. पुराचं पाणी मग त्यातून आपोआप जातं. जमातींनी राज्याविरुद्ध खटला भरला होता, की मोऱ्या मासे अडवत असतील तर १८५५ च्या हक्काला अर्थ उरत नाही. २०१३ मध्ये मोऱ्या दुरुस्त करण्याचा आदेश निघाला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४ विरुद्ध ४ अशी बरोबरी होऊन तो कायम राहिला. महामार्गाखालची एक मोरी बदलायला कित्येक दशलक्ष डॉलर लागतात, त्यावरून करदाते कुरकुरतात. वरती चांगला अधिवास असेल तर तो पैसा सार्थकी लागतो. पण कधीकधी आम्ही राज्याची मोरी लाखमोलाची करतो आणि शंभर मीटरवर खाजगी रस्त्याची जुनी मोरी तशीच तोंड आवळून बसलेली असते. त्यामुळे यादी करताना एक मोरी न बघता पूर्ण ओढा बघायचा.

ओंडक्यांची गोष्ट याहून मासलेवाईक. साधारण १९५० ते १९७० च्या दशकांत इथल्याच मत्स्य खात्यांनी ओढ्यांमधलं पडकं लाकूड साफ करून घेतलं. पडलेली झाडं माशांची वाट अडवतात असा समज होता. साफ केलेले ओढे गटारासारखे सरळ झाले, डोह भरले, खडी वाहून गेली. आता तेच लाकूड आम्ही लाखो डॉलर खर्चून परत घालतो आहोत. एखादा मोठा देवदार मुळांच्या गड्ड्यासकट पात्रात पडला की पाणी त्याच्याभोवती वळतं. गड्ड्याखाली डोह खणला जातो, मागच्या संथ पाण्यात खडी साचते, फांद्यांत पिल्लं लपतात. कोहोची पिल्लं गोड्या पाण्यात वर्षभर तरी राहतात, त्यांना हिवाळ्यातल्या पुरात अशी आडोशाची जागा मिळाली नाही तर ती समुद्रात ढकलली जातात. एल्व्हाच्या खालच्या भागात बांधलेले ओंडक्यांचे अडसर धरण पडायच्या कितीतरी आधीपासून हे काम करत होते.

ओंडके घालताना भांडण होतं ते बांधून ठेवण्यावरून. खाली पूल असेल तर पुलाचा अभियंता म्हणणार, ओंडका इंचभर हलला नाही पाहिजे. जीवशास्त्रज्ञ म्हणणार, हलणं हाच नदीचा स्वभाव. तराफ्यातून जाणारे म्हणणार, आमचा कोणी त्यात अडकेल. तिघांचंही खरं असतं. मी पुलाजवळ ओंडके जमिनीत खोल पुरतो किंवा उभे खांब ठोकून त्यांत अडकवतो, आणि वर माणूसवस्ती नसलेल्या दरीत मोकळे सोडतो. पोलादी दोर वापरायचं मी टाळतो, कारण लाकूड कुजून गेल्यावर दोर पात्रात तसाच राहतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे नदीला तिचं मैदान परत देणं. ओरेगनमध्ये साउथ फोर्क मॅकेंझी नदीवर २०१८ पासून खोल गेलेलं पात्र भरून घेऊन पाण्याला पूर्ण दरीभर पसरू दिलं. एका धारेच्या जागी अनेक धारा, दलदल, बेटं. आमच्या शिक्षणात 'स्थिर पात्र' हाच आदर्श होता, त्यामुळे पहिल्यांदा असा नकाशा बघताना पोटात गोळा येतो. याच राज्यातल्या ब्रिज क्रीकवर बीव्हरच्या, म्हणजे झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणाऱ्या प्राण्याच्या, बंधाऱ्यांची नक्कल करून नुसते खांब आणि फांद्या रोवल्या. बीव्हर येऊन त्यावर स्वतःचं बांधकाम करू लागले आणि स्टीलहेडची पिल्लं वाढली. एवढ्या कमी खर्चात एवढं काम करणारा ठेकेदार मला दुसरा माहीत नाही.

पाण्याच्या दर्जाबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती आमच्या सगळ्या गृहीतकांना धक्का देणारी ठरली. सिएटल परिसरातल्या शहरी ओढ्यांत सुधारणा केल्या, कोहो परत आले, आणि पहिल्या जोरदार पावसानंतर काही तासांत मेले. पाण्याच्या वर तोंड काढून आ वासायचे, गोल गोल फिरायचे, आणि संपायचे. मेलेल्या मादीचं पोट कापलं तर आत गाभोळी तशीच भरलेली. काही ओढ्यांत परतलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मासे असे जायचे. कीटकनाशकं, धातू, पेट्रोल, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. डिसेंबर २०२० मध्ये उलगडा प्रसिद्ध झाला. टायर तडकू नयेत म्हणून रबरात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. ओझोनशी संयोग होऊन त्याचं ६पीपीडी-क्विनोन बनतं आणि झिजलेल्या टायरच्या कणांतून ते ओढ्यात येतं. लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या दहाव्या भागाइतकं प्रमाणही कोहोला मारायला पुरतं, त्याच पाण्यात चम मात्र जगतो. रस्त्याचं पाणी माती आणि कंपोस्टच्या थरातून गाळून सोडलं की कोहो वाचतात, हेही सिद्ध झालंय. म्हणजे ओंडके कितीही सुंदर घातले तरी वर महामार्गाचं गटार तसंच असेल, तर आपण माशांना मरायला बोलावतोय.

आता तुमच्या क्लॅमथकडे येतो. तिथे २००२ च्या सप्टेंबरमध्ये खालच्या भागात किमान ३४,००० मासे मेले. पाणी कमी, गरम, मासे दाटीवाटीने अडकलेले, त्यात कल्ल्यांचे रोग पसरले. युरोक आणि कॅरुक या जमातींनी त्यानंतर धरणांविरुद्धचा लढा सोडला नाही. कॉप्को २ हे धरण २०२३ मध्ये गेलं, आयर्न गेट, कॉप्को १ आणि जे. सी. बॉइल २०२४ मध्ये. त्याच ऑक्टोबरच्या मध्याला चिनूक जे. सी. बॉइलच्या जागेच्याही वर, ओरेगनमधल्या उपनदीत सापडले. त्या भागात १९१२ नंतर ते पहिल्यांदाच दिसले. ६०० किलोमीटरहून जास्त अधिवास मोकळा झाला.

ते इतक्या लवकर कसे पोचले? सगळे सॅल्मन घरी परतत नाहीत, काही टक्के वाट चुकतात, आणि नव्या जागा वसवतात ते हेच. पण वर पोचणं आणि वर टिकणं यांत फरक आहे. क्लॅमथमध्ये अजून कीनो आणि लिंक रिव्हर ही वरची दोन धरणं उभी आहेत. तिथे माशांना वाट आहे, पण ती सॅल्मनच्या मोठ्या फळ्यांना पुरेल का ते बघायचंय. अप्पर क्लॅमथ सरोवरात शेतीच्या खतांमुळे उन्हाळ्यात शेवाळ माजतं. आणि शेतीला किती पाणी, नदीला किती, हा वाद धरणांबरोबर वाहून गेलेला नाही. चिनूकची पिढी तीन ते पाच वर्षांची. म्हणून २०४० च्या आधी कुणी यश किंवा अपयश जाहीर केलं तर मी त्याकडे फार लक्ष देणार नाही.

यश मोजायचं कसं, हेही त्यातच आलं. परतणारे मासे मोजणं लोकांना आवडतं, पण त्यात समुद्राचा वाटा मोठा असतो. २०१४ ते २०१६ दरम्यान ईशान्य पॅसिफिकमध्ये गरम पाण्याचा प्रचंड पट्टा होता. त्या वर्षांत उत्तम नद्यांचेही आकडे पडले, आणि नदीत केलेल्या कामाचा त्यात काही दोष नव्हता. म्हणून मी समुद्राकडे जाणारी पिल्लं मोजण्याचा आग्रह धरतो. नदीत फिरत्या पिंपाचा सापळा लावून एका मादीमागे किती पिल्लं बाहेर पडली ते काढलं, की नदीच्या कामाचा हिशेब समुद्रापासून वेगळा करता येतो. एल्व्हावर चढणारे मासे सोनार यंत्राने, म्हणजे ध्वनिलहरींनी, मोजतात, कारण गढूळ पाण्यात डोळ्यांना काही दिसत नाही.

राहिला आपल्याकडचा प्रश्न. महाराष्ट्रात सॅल्मन नाहीत, आणि मोठी धरणं शेतीची आणि पिण्याच्या पाण्याची आहेत, ती कुणी पाडा म्हणत नाही. एल्व्हाची दोन्ही धरणं फक्त विजेची होती आणि ती वीज दुसरीकडून सहज मिळाली, हा फरक लक्षात ठेवा. पण लहान अडथळ्यांच्या बाबतीत आपल्याकडे एक चांगली सोय आधीच आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे पावसाळ्यात काढलेले असतात आणि पावसाळा सरताना बसवतात. चढणीच्या माशांचा हंगाम नेमका पावसाच्या सुरुवातीचा. बरगे वेळेत निघाले, आणि बंधाऱ्याच्या पायाखाली तळ खरवडून मोठी पायरी तयार झालेली नसली, तर तो बंधारा माशांच्या आड येऊ नये. सिमेंटच्या पक्क्या बंधाऱ्यांना आणि रस्त्यांच्या मोऱ्यांना ही सवलत नाही.

तुम्हाला प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर सह्याद्रीतला एक ओढा घ्या आणि नदीशी होणाऱ्या संगमापासून उगमाकडे चालत जा. प्रत्येक बंधारा, मोरी, फरशी पूल यांची नोंद करा: पायरीची उंची, खालच्या डोहाची खोली, पाइप असेल तर त्याची लांबी आणि उतार. उडी मारणाऱ्या माशाला डोह उडीच्या उंचीच्या सव्वा पट तरी खोल लागतो, हा आमच्याकडचा ढोबळ आकडा. आपल्या माशांपैकी पुष्कळसे उडी न मारता ओल्या खडकाला धरून किंवा कडेच्या संथ पाण्यातून चढतात, त्यामुळे कडेची रचनाही काढून ठेवा. गावातल्या मासे धरणाऱ्यांना विचारा, की चढणीचे मासे कुठपर्यंत मिळतात आणि पूर्वी कुठपर्यंत मिळायचे. आणि पायरीची उंची एकदाच मोजून थांबू नका. जूनच्या पहिल्या पाण्यात, जुलैच्या पुरात आणि उघडीप पडल्यावर ती वेगवेगळी येते, कारण खालचं पाणी चढलं की पायरी बुडते. मासे ज्या आठवड्यात चढतात त्या आठवड्याचं माप तुमच्या तक्त्यात असलं पाहिजे.